खऱ्या जावयाची खूण

शेजारच्या इमारतीत भरदिवसा चोरी झाली आणि इकडे सेक्रेटरींच्या अंगात वारं शिरलं. चोराने तिथून काय नेलं ते कुणालाच नीट कळलं नाही. सेक्रेटरींनी मात्र आपल्या इमारतीची झोप नेली. घरोघरी शिट्ट्या वाटल्या, दारांना भिंगं बसवली, ओढलं की आपोआप लागणारी कुलुपं घ्यायला लावली. त्यांचा सर्वांत लाडका नियम होता ओळख पटवण्याचा. बाहेरचा आवाज कितीही ओळखीचा असो, आतल्याने एक घरगुती प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर आलं तरच दार उघडायचं. "हल्ली चोर आवाजसुद्धा चोरतात," असं ते ज्याला त्याला ऐकवत.

आज या सगळ्याचं सोनं होणार होतं. योजना बघायला खुद्द इन्स्पेक्टरसाहेब येणार होते. त्यांना पटली तर ती अख्ख्या वस्तीत लागू होणार, आणि प्रमुख अर्थातच सेक्रेटरी. पत्नी सकाळपासून गप्प गप्प होती, पण तिकडे बघायला वेळ कुणाला? साहेबांसाठी बिस्किटं आणायला तिला पिटाळून सेक्रेटरी बनियनवरच दारावरची पाटी पुसायला बाहेर आले. वारा आला आणि दार लागलं. कुलूप चांगल्या प्रतीचं होतं.

"सासूबाई, दार उघडा. मी आहे."

भिंगाआड हालचाल झाली. "मी म्हणजे कोण?"

"अहो, मी. तुमचा जावई."

"सगळे तसंच म्हणणार. जावईबापूंनी बजावलंय, प्रश्न विचारल्याशिवाय उघडायचं नाही."

आपली शिकवण इतकी मुरलेली पाहून सेक्रेटरींना भरून आलं. "शाब्बास. विचारा."

"माझ्या लेकीचा वाढदिवस कधी असतो?"

सेक्रेटरी पाटीच्या फडक्याने मान पुसू लागले. इमारतीतलं कुठलं कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

"दुसरं काहीतरी विचारा ना. पाण्याच्या टाकीचं."

"ते चोरालाही ठाऊक असेल," असं म्हणून सासूबाईंनी शिट्टी फुंकली.

ठरल्याप्रमाणे माणसं काठ्या आणि झाडू घेऊन जिन्यात धावली. सेक्रेटरींना पाहून झाडू खाली आले. "आजी, हे आपले सेक्रेटरीच आहेत," सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण त्या बधेनात. "तुम्हीही त्याला सामील असाल," त्या म्हणाल्या. असा संशय घ्यायचा, हा नियमही सेक्रेटरींचाच. एवढ्यात इन्स्पेक्टरसाहेबही जिना चढून आले आणि सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना त्यांची दया आली. त्यांनी सेक्रेटरींच्या कानात काहीतरी सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा आणखीच पडला.

"आज," ते कसेबसे म्हणाले. "वाढदिवस आज असतो."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "धरा त्याला. आमच्या जावयाला हे माहीत असणं शक्यच नाही. कुणीतरी पढवून पाठवलाय."

सगळ्या जिन्यात खसखस पिकली. बिस्किटांचा पुडा घेऊन पत्नी मागे येऊन उभी राहिली होती, ती मात्र हसली नाही.

"बाई, हे तुमचेच ना?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं.

तिने नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळलं. "दिसायला तसेच आहेत, साहेब. पण आमच्या ह्यांना तारीख ठाऊक नाही."

तिने आपल्या किल्लीने दार उघडलं, साहेबांना आत घेतलं, शेजाऱ्यांनाही घेतलं.

"आजी, भिंगातून जावई दिसले नाहीत का?" साहेबांनी विचारलं.

"दिसले की," सासूबाई म्हणाल्या. "पण लेक सकाळपासून तोंड पाडून हिंडत होती, तीही दिसत होती."

साहेबांना योजना फार आवडली. हे ऐकायला सेक्रेटरी तिथे नव्हते. शिक्षिकाबाईंच्या नवऱ्याचा शर्ट अंगात अडकवून ते केकच्या दुकानाकडे सुटले होते. वाटेत त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपण साऱ्या इमारतीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं आणि घरातल्या माणसाकडे पाहायचंच राहिलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

धापा टाकत परतले तेव्हा दार पुन्हा लागलेलं होतं. त्यांनी केकचा खोका भिंगासमोर धरला आणि प्रश्नाची वाट न पाहता मोठ्याने उत्तर सुरू केलं. तारीख सांगितली, महिना सांगितला, आणि साल सांगायला तोंड उघडलं, तोच पत्नीने घाईघाईने दार उघडलं.