नऊशे बोर्ड आणि दोन मिनिटं

आमच्या ऑफिसात माझ्यासारखा प्रोग्रॅमर दुसरा नाही! म्हणजे त्या सोमवारपर्यंत तरी मला असंच वाटत होतं.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते लोकांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोक्याने. त्यामुळे डिग्रीवाला माणूस समोर आला की माझ्या कपाळाची शीर उठते. तो 'नमस्कार' म्हणाला तरी मला वाटतं, हा मला कमी लेखतोय!

तर काम असं होतं. शहरातल्या नऊशे बसथांब्यांवर नवे बोर्ड लागणार होते. बस किती मिनिटांत येणार ते बोर्ड दाखवणार. बसगाड्या कुठे आहेत याची माहिती आमच्या सर्व्हरकडे क्षणाक्षणाला येते. ती तिथून बोर्डांपर्यंत अखंड वाहती ठेवायची, यासाठी प्रत्येक बोर्डात एक लायब्ररी बसवायची होती. लायब्ररी म्हणजे कोडचा तयार जोड. पाण्याच्या टाकीत आणि नळात पाइप असतो ना, तसा. तो पाइप मी बनवला. एकट्याने!

सर्व्हर सांभाळायला एक मॅडम होत्या. डिग्रीवाल्या. बोलणं हळू, वहीत अक्षर मोत्यासारखं. दर वर्षी त्यांचा करार वाढवला जायचा आणि या वर्षीचा निर्णय त्याच शुक्रवारी होणार होता. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह तुम्हाला होणार नाही.

बोर्ड लागायच्या आधी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या.

"जोडणी तुटली तर तुमची लायब्ररी काय करते?"

"पुन्हा जोडते."

"किती वेळाने?"

"लगेच! सेकंदाला वीस वेळा!"

"अहो, थोडं थांबायला सांगा तिला. आधी एक सेकंद, मग दोन, मग चार. आणि सगळ्या बोर्डांनी एकदम नको. नाहीतर सर्व्हर उठायच्या आत नऊशे जण त्याच्या छातीवर बसतील."

"मॅडम, माझा कोड दारात हात जोडून उभा राहणारा नाही. दार उघडेपर्यंत ठोकणारा आहे!"

"बरं. आणि तोपर्यंत बोर्डावर काय दिसणार?"

"शेवटचा आकडा."

"तो खोटा असेल ना? बोर्ड कोरा ठेवा."

"कोरा बोर्ड म्हणजे गुन्ह्याची कबुली!" मी खुर्चीवर रेलून म्हणालो. "लोकांना काय कळतंय?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या. मी मनात म्हटलं, लिहा! डिग्रीवाल्यांना लिहिण्याशिवाय येतं काय?

सोमवारी बोर्ड सुरू झाले. छान चालले. मी दिवसभर ऑफिसात असा हिंडत होतो, जसा काही बसगाड्यांचा शोधही मीच लावलाय.

मंगळवारी सकाळी मॅडमनी ठरल्याप्रमाणे एका मिनिटासाठी सर्व्हर बंद करून सुरू केला. तो उठला आणि पडला. पुन्हा उठवला, पुन्हा पडला. दारू प्यायलेल्या माणसाला उभं करावं तसं चाललं होतं! साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं.

"हे काय चाललंय?" साहेब कडाडले.

मॅडम म्हणाल्या, "सर, मला एक दिवस द्या. नोंदी बघून सांगते."

इथे गप्प बसलो असतो तर मी माणूस ठरलो असतो. पण माझी शीर उठली होती!

"नोंदी कसल्या बघताय? सर्व्हर पडलाय! जो पडला त्याला विचारायचं की का पडलास, रस्त्याला नाही! साहेब, माझे नऊशे बोर्ड धडधाकट आहेत, एकावरही चुकीचा संदेश नाही. डिग्री भिंतीवर टांगता येते, सर्व्हर डिग्रीवर टांगता येत नाही!"

खोलीत हशा पिकला. मॅडमनी वही मिटली. नुसती मिटली हो, आपटली नाही.

"शुक्रवारी बघतो," साहेब त्यांच्याकडे बघून म्हणाले.

मी छाती काढून बाहेर आलो, तेवढ्यात फोन वाजला. आई!

"अरे, मी दातांच्या डॉक्टरांकडे निघालेय. तुझ्या बोर्डाखाली उभी आहे. दोन मिनिटांत बस येतेय म्हणतो."

"मग चढ बसमध्ये."

"अर्धा तास झाला रे, दोनच मिनिटं चाललीयत!"

मी लॅपटॉप उचलला आणि धावलो.

थांब्यावर अकरा माणसं उभी होती, आणि त्यांच्यापुढे वर्गाचा मॉनिटर असावा तशी माझी आई. एक गृहस्थ टॅक्सीला हात करत होते, तर तिने त्यांची बाहीच धरली होती.

"कशाला पैसे घालवता? माझ्या मुलाचा बोर्ड आहे. तो खोटं बोलणार नाही!"

"आजी, हे तुम्ही मघापासून चार वेळा सांगितलंत."

"मग चार वेळा खरंच सांगितलंय!"

तेवढ्यात मागच्या गल्लीतून एक मुलगी आली आणि म्हणाली, "अहो, पुढचा रस्ता खणलाय. बस सकाळपासून मागून जातेय. तीन गेल्या आत्तापर्यंत."

अकरा माणसांनी बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड तोंड वर करून म्हणत होता: दोन मिनिटं!

मी थांब्याच्या बाकावर चढून बोर्डाची पेटी उघडली, वायर लावली आणि लायब्ररीची नोंद वाचली. 'सर्व्हरशी जोडणी: प्रयत्न क्रमांक चौपन्न हजार.' एका बोर्डाचे, पाऊण तासात! असे नऊशे बोर्ड मिनिटाला दहा लाखांहून जास्त धडका मारत होते. सर्व्हर पडत नव्हता, त्याला पाडलं जात होतं. माझ्या हातांनी!

"काय झालंय रे?" आईने विचारलं. अकरा जण कान देऊन उभे.

"सर्व्हरची चूक आहे," मी म्हणालो.

"बघा!" आई त्यांच्याकडे वळली. "म्हटलं नव्हतं? दुसऱ्याच कुणाची तरी चूक आहे!"

त्या थांब्यावर एखादा खड्डा असता तर मी आत शिरून वरून माती ओढून घेतली असती.

तुम्ही म्हणाल, मग हा गडी सरळ ऑफिसात गेला आणि कबूल झाला. छे! एवढा सरळ असतो तर ही कथा लिहायची वेळ आली असती का? बुधवारी सगळे जेवायला गेल्यावर मी लायब्ररीत गुपचूप विराम घातला. एक सेकंद, मग दोन, मग चार. मॅडमनी सांगितला होता तस्साच! बोर्डांना नवा कोड पाठवायची वाट वेगळी होती, तिथून तो रवाना केला आणि तोंड पुसून जेवायला जाऊन बसलो. पंधरा मिनिटांत सर्व्हर उठला आणि उभा राहिला. कुणाला काही कळलं नाही. माझ्या कोडच्या जुन्या प्रती फक्त माझ्याच मशीनवर असायच्या. मी कुणाला माझं काम दाखवत नसे. सगळे टपलेत असं वाटायचं ना!

दुपारी मॅडम आल्या. डोळे तारवटलेले.

"धडका बोर्डांकडून येत होत्या असं दिसतंय. तुमचा कोड एकदा बघू का?"

"बघा की, सावकाश बघा," मी म्हणालो, आणि नवा कोड पुढे केला. नवा! माझ्या निर्लज्जपणाला काही सीमा होती का?

त्यांनी वाचला. एकेक ओळ बोट लावून वाचला. मग चष्मा काढला.

"यात तर विराम आहे. माझं सगळं ऐकलंत की तुम्ही! आणि मी मनात तुमच्याबद्दल काय काय आणलं. माफ करा हं मला."

शेजारच्या चार टेबलांना ऐकू जाईल असं त्या बोलल्या. त्यांच्या मते माफी अशीच मागायची असते.

मी काय म्हणालो असेन? "असू दे."

असू दे! अजून आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

शुक्रवार उजाडला. बैठकीला बसकंपनीचे अधिकारीही आले होते, कपाळावर आठ्या घेऊन.

"बाकीचे बोर्ड चालतायत. पण एकशे शेहेचाळीस गोठलेत," ते म्हणाले. "कुठे दोन मिनिटं, कुठे सात. हलायला तयार नाहीत. लोक दगड मारायचे बाकी आहेत!"

माझ्या लक्षात आलं. हे बोर्ड धडका मारून मारून इतके गुंगले होते की शेवटी गोठूनच गेले, आणि नवा कोड त्यांनी घेतलाच नव्हता.

"तो सर्व्हरचाच गोंधळ," साहेब ठामपणे म्हणाले. "पण काळजी नको. बाईंना मंगळवारी दम दिला आणि बुधवारी सर्व्हर सुतासारखा सरळ! यावरून काय ते समजा. त्यांचा करार आम्ही वाढवत नाही आहोत. आणि हे आमचे हिरो," माझ्याकडे बोट, "यांच्या लायब्ररीवर एक डाग नाही!"

टाळ्या! मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या वहीची पानं सरळ करत होत्या, एक एक कोपरा, जसं काही ती वही आता दुसऱ्या कुणाला द्यायचीय.

मी उठलो. खुर्ची मागे पडली.

"चूक माझी आहे!"

साहेबांचा चेहरा एकदम हळवा झाला. "बघा, बघा! सहकाऱ्याची चूक स्वतःवर घ्यायला किती मोठं मन लागतं!"

"मन कसलं साहेब! खरंच माझी आहे!"

"बसा, बसा. तुमच्या भावना पोचल्या."

"अहो, सर्व्हर मी पाडला!"

"किती विनय!" बसकंपनीचे अधिकारीसुद्धा भारावले. "आजकाल अशी माणसं कुठे!"

जन्मभर मी स्वतःचं बरोबर आहे म्हणून भांडलो, तेव्हा लोक वैतागून मान्य करायचे. आणि आयुष्यात एकदाच, माझं चुकलंय म्हणून भांडत होतो, तर कुणी विश्वास ठेवेना! मी घाम पुसत लॅपटॉप उघडला, जुना कोड काढला, थांब्यावरची नोंद काढली आणि टेबलावरून मॅडमकडे सरकवला.

त्यांनी वाचला.

"वीस वेळा," त्या म्हणाल्या. "सेकंदाला. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही बढाई मारताय."

"नाही. ते तेवढं खरं होतं."

"आणि बुधवारी मला दाखवलात तो?"

"जेवणाच्या सुट्टीत बदलला होता."

"बुधवारी मी तुमची माफी मागितली होती."

"हो."

"ती परत द्या."

सगळ्यांदेखत! मी दिली हो. कशी दिली ते विचारू नका. आवाज फाटला, 'मॅडम'च्या पुढे शब्द फुटेना, आणि मधेच साहेब "काय बोलतायत हे?" असं अधिकाऱ्यांना विचारत होते. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "पुरे. पाणी प्या."

त्यांचा करार वाढला. तिथल्या तिथे, साहेबांनी मान खाली घालून सही केली. मला कुणी काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, "यांना काढलंत तर ते एकशे शेहेचाळीस बोर्ड कोण उघडणार? त्यांना नवा कोड दुरून जात नाही. पेन ड्राइव्ह घेऊन वर चढावं लागेल."

म्हणून गेला आठवडाभर मी शिडी खांद्यावर घेऊन शहर फिरतोय. हिरो! फोन शर्टाच्या खिशात चालू असतो. पलीकडे मॅडम, हातात थांब्यांची यादी. मी कोड भरायचा, त्यांनी सर्व्हरवर बघायचं आणि खूण करायची. कामाशिवाय एक शब्द जास्त बोलत नाहीत.

काल एका उताराच्या रस्त्यावर शिडी डुगडुगत होती. थांब्यावर उभ्या असलेल्या एका काकांना दया आली. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"चढा, चढा. मी आहे."

"उपकार झाले काका!"

मी वर पोचलो, पेटी उघडली. खालून काका बोलू लागले.

"आठवडा झाला, हा सात मिनिटं, सात मिनिटं म्हणतोय. नातीच्या शाळेत दोनदा उशिरा पोचलो. कुठल्या गाढवाने बनवलाय हो हा?"

"काय माहीत काका," मी म्हणालो. "आम्ही नुसते दुरुस्तीवाले!"

खिशातून शांत आवाज आला, "ऐकलं मी."

मी डोळे मिटले. वर आभाळ, खाली काका, आणि खिशात मॅडम. पळायचं तर कुठे?

"काका," मी म्हणालो, "तो गाढव मीच."

काकांनी वर बघितलं. मग त्यांनी आधी उजवा हात शिडीवरून काढला, मग डावा, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.