बांबूचं बारसं

आमच्या विद्यानगरात वाघमारे काकांच्या गच्चीवर शिंकायला बंदी आहे. शिंक आलीच तर जिना उतरून खाली यायचं, शिंकायचं आणि मग परत वर जायचं. "हल्लू, हल्लू! पिल्लं निजलीत," काका ओठांवर बोट ठेवून सांगतात. पिल्लं म्हणजे बांबूची कांडी!

रिटायर झाल्यावर माणसं देवाच्या मागे लागतात, नाहीतर बायकोच्या. काकांनी गच्चीवर हरितगृह उभारलं. प्लास्टिकचा तंबू, आत कोकोपीटचे ट्रे, आणि मुळं फुटायचं संजीवक. दोन पेरांचं कांडं कापायचं, संजीवकाच्या पाण्यात भिजवायचं, ट्रेमध्ये आडवं निजवायचं. संजीवक काका बाळाला औषध पाजायच्या ड्रॉपरनं मोजतात. "थोडं जास्त घाला की, लवकर फुटतील," असं मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मुळं फुटली की बारसं. काकांना बहीण नाही, म्हणून आत्या मी! गुडघे दुखत असताना खाली बसून मी बांबूच्या कानात, म्हणजे पेरापाशी, "कुर्र" केलंय. रमेश, कविता, एकाचं नाव तर इन्स्पेक्टर. गल्ली हसते. हसू दे मेली, घुगऱ्या खायला तीच पुढं असते.

बेगम बाजारचा एक शेठ कुंपणासाठी दहा रोपं मागायला आला. काकांनी विचारलं, "एखादं मेलं तर?"

"तो दूसरा लेंगे, क्या है उसमें?"

झालं! अर्ध्या चहावरून उठवला त्याला.

काकू मात्र कधी वर फिरकल्या नाहीत. "येड लागलंय ह्यांना," एवढंच म्हणायच्या.

एक कांडं काही केल्या फुटेना. किनवटकडचं, काकांच्या गावचं. तिथलं बांबूचं बेट रस्त्यात गेलं. काका पोचले तोवर एवढंच हिरवं उरलेलं. मे महिन्यात लाइट जाऊन तंबूतले पाण्याचे फवारे बंद पडले, की काका ओलं पोतं धरून त्याच्यापाशी बसायचे. जेवायलाही हलायचे नाहीत.

"सोडा हो काका, वाळलं ते," मी म्हटलं.

"नक्को म्हणू तसं."

आवाज असा काही होता, की मी दुसरं पोतं भिजवून आणलं.

मागच्या रविवारी दारावर थाप. काका अनवाणी उभे. "आत्याबाई, चला! फुटलं!"

वर गेले तर घुगऱ्यांचं पातेलं घेऊन काकू हजर. काकांनी कोकोपीट जरा बाजूला सारलं. पांढरं, नखाएवढं मूळ. मी खाली बसले आणि विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

काकूच म्हणाल्या, "आमची पोरगी त्या बेटाखाली पुरलेली गं. नऊ दिवसांची होती. बारसं राहून गेलं."

मी बाजूला सरकले. "काकू, तुम्हीच करा."

पातेलं खाली ठेवून काकू वाकल्या. "कुर्र... सुजाता."

काकांना हुंदका फुटला. तोंडावर हात दाबून ते जिना उतरले, खाली जाऊन रडले आणि मग परत वर आले.