तांबडं की निळं

तुळजाअण्णांच्या तिण्णैवरून, म्हणजे घरापुढच्या ओट्यावरून, सकाळी कुणी सुखासुखी पुढे गेलाय असं आमच्या गल्लीत घडत नाही. हातात काचेची नळी, नजर उन्हाकडे आणि प्रश्न एकच: "तांबडं की निळं?" फूलवाली, दूधवाला, कॉलेजची पोरं, कुणाची सुटका नाही. मला ऑफिसची बस गाठायची असते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

राजवाड्यामागच्या या गल्लीत आता सगळी तमिळ वस्ती, मराठी घरं उरली थोडकी. त्यातलं एक नेमकं माझ्या शेजारी यावं आणि त्यात अण्णा असावेत, हे माझं नशीब. ते कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतात. नळीत असतं सोनं. "अय्यो, सोनं पिवळं हे सोनारांनी लावून दिलेलं खूळ," ते म्हणतात. "इतकं बारीक कर की डोळ्याला कण दिसू नये. मग पाहा, तांबडं होतं." माझ्या आईनं हे ऐकलं आणि त्याच दुपारी साखर मागायच्या निमित्तानं जाऊन अक्कांच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, हातात बांगड्या शाबूत आहेत ना, बघून आली.

नळीत लघवीचा थेंब टाकायचा. मूत्रपिंड बिघडू लागलं असेल तर थेंबातल्या प्रथिनाभोवती सोन्याचे कण गोळा होतात आणि रंग निळा पडतो. हे मला उशिरा कळलं. त्याआधी एकदा नळी नाकाजवळ धरून मी "डाळिंबाच्या रसासारखं" म्हणालो होतो. "काव्य नको, रंग सांग," अण्णा म्हणाले. डाळिंब मी सोडलं ते सोडलंच.

पण खोटं कशाला बोलू, त्या उन्हात काहीतरी होतं. नळीतून आलेला तांबडा ठिपका अण्णांच्या पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, हलत राहायचा, वरून पोपट ओरडत जायचे, आणि मी ओट्याखाली चपला काढून, बस विसरून, त्या ठिपक्याकडे बघत बसायचो.

एकदा वैतागून विचारलं, "अण्णा, तुम्हाला डोळे नाहीत का?"

"आहेत रे. पण थेंब तुझ्या अक्काचा आहे." ते नळीकडेच बघत होते. "तिची आई याच रोगानं गेली, थोरली बहीण गेली. दोघींचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिची नळी हातात धरली की मला तांबडंच दिसतं. म्हणून तर उजेड मोजणारं यंत्र जुळवतोय. यंत्राला बायको नसते."

परवा त्यांनी नळी पुढे केली आणि पहिल्यांदाच प्रश्न बदलला. "तांबडंच ना?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. "जांभळट आहे," मी म्हणालो.

"मधलं नको."

"निळं, अण्णा."

त्यांनी नळी उन्हात फिरवून फिरवून पाहिली. "मला अजून तांबडंच दिसतंय," ते हळूच म्हणाले.

अक्का कापीचा, म्हणजे कॉफीचा, टंबळर घेऊन बाहेर आल्या. टंबळर ओट्यावर ठेवला, अण्णांच्या हातातली नळी काढून घेतली, पाहिली. "निळं आहे हो. लवकर कळलं. हेच हवं होतं ना तुम्हाला? चला, डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"सेरि, बरं," अण्णा म्हणाले, आणि पायानं चाचपडत चपला घातल्या. माझ्या.

दोघं गल्लीतून चालत गेले. अक्कांनी त्यांचा हात धरला होता; दोघांत आजारी कोण, हे पाहणाऱ्याला कळलं नसतं. मी अनवाणी ओट्यावर बसून राहिलो. शेजारी कापी निवत होती.