पिवळ्या स्विचचे तीस आकडे

मिहिरला कीबोर्ड घ्यायचा होता आणि तीन आठवडे त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. दिवसा रिपोर्ट टाइप करायचे, सुट्टीला गेम खेळायचा. दोन्हींना चालेल असा लिनियर स्विच हवा होता. म्हणजे दाबला की मध्ये न अडखळता, टकटक न करता सरळ खाली जाणारा. लाल पंचेचाळीस ग्रॅमला दबतो, पिवळा पन्नासला, काळा साठला. लालवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं म्हणे आणि काळ्याने संध्याकाळपर्यंत बोटं भरून येतात. याच्याएवढा अवघड प्रश्न त्याच्या आयुष्यात दुसरा नव्हता. चाकणच्या स्प्रिंग कारखान्यात तो क्वालिटी खात्यात होता आणि आठवड्याभरात त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं, एवढं सोडलं तर.

शेवटी त्याने तिन्ही रंगांचे दहा-दहा स्विच मागवले आणि कारखान्यात आणले. जेवणाच्या सुट्टीत स्प्रिंग तपासायच्या यंत्रावर तो एकेक दाबून बघू लागला.

"सर, जेवा की आधी," तपासणीच्या टेबलावरची वर्षाराणी म्हणाली. "ह्ये काय काढलंय?"

"कीबोर्डचे स्विच. एकेकाचे तीन आकडे, म्हणजे रंगाला तीस."

"तीस? समदे खरेच घेताय?"

"मग? वापरायचाय मला तो!"

वर्षाराणीने हसत डबा उघडला.

शेवटचा स्विच मोजून झाला तेवढ्यात गिऱ्हाईक कंपनीच्या मंजुषा मॅडम ऑडिटला आल्या, कळवलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी. मागून खातेप्रमुख मधुसूदन साहेब जवळजवळ धावतच आले. टेबलावर टॅग नसलेली वस्तू सापडली की दोष लागतो, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"हे काय आहे? टॅग कुठंय?"

मधुसूदन साहेबांनी वीस वर्षांत ऑडिटरला खरं उत्तर दिलं नव्हतं. ती सवय कामी आली.

"नवीन पार्ट आहे, मॅडम. सॅम्पल. टॅग प्रिंटला दिलाय. दिलाय ना रे?"

"हो सर."

"रिपोर्ट दाखवा."

रिपोर्ट होता. मिहिरने हाताने लिहिलेला, तिन्ही रंगांचा. मॅडम पिवळ्यावर थांबल्या. एकोणपन्नास पूर्णांक दोन, पन्नास पूर्णांक सहा, एक्कावन्न.

"आणि खालचे हे तीन का खोडलेत?"

"तो पीस खाली जाताना घासत होता, मॅडम. साफ करून परत मोजले."

"वा! महिन्यात अकरा कारखाने बघितले, इतका प्रामाणिक रिपोर्ट कुठं मिळाला नाही."

साहेबांची छाती फुगली. "आमची पद्धतच आहे, मॅडम. प्रत्येक पार्टला."

"छान. मग आमच्या ब्रेकच्या स्प्रिंगचे दाखवा."

मिहिरने फाइल आणली. पानोपानी त्याचीच सही होती. मॅडमनी पान उलटलं. दोनशे दहा, दोनशे दहा, दोनशे दहा. पुढचं पान. दोनशे दहा.

"तीसच्या तीस?"

"मशीन फार स्थिर आहे, मॅडम," साहेब म्हणाले.

"हे पिवळे त्याच मशीनवर मोजले ना?"

वर्षाराणीने पटकन खाली पडलेली स्प्रिंग शोधायला सुरुवात केली. पडलेली नव्हती तरी.

मॅडमच्या अहवालात दोन नोंदी झाल्या. नव्या पार्टच्या मोजणीबद्दल शाबासकी, ती खातेप्रमुखांच्या नावावर. ब्रेकच्या स्प्रिंगचा दोष, तो सही करणाऱ्याच्या. गोदामातला सगळा माल पुन्हा, खरा, मोजायचा.

मिहिरने घरी जायची मनाची तयारी केली. पण दुसऱ्याच दिवशी कायम केल्याचं पत्र हातात पडलं. खरे आकडे कसे घेतात हे खात्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. हा गेला असता तर ते साहेबांना शिकावं लागलं असतं.

यंत्राचा दांडा हाताने दाबायचा असे. पंधरा दिवस मिहिर तो दाबत राहिला, लॉटमागून लॉट.

"मग सर, कंचा घेतला?" वर्षाराणीने विचारलं. "आकड्यात तर पिवळाच बरा व्हता."

"लाल," मिहिर बोटं चोळत म्हणाला. "वरचे पाच ग्रॅम आता झेपत नाहीत."