मागून गाडी येत आहे

देवपूरच्या शांतिकुंज कॉलनीत त्या सकाळी प्रेमराजभाऊंच्या हातातली दुधाची पिशवी फुटली आणि त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं.

कॉलनीच्या मोकळ्या मैदानाभोवती पेव्हर ब्लॉकचा गोल रस्ता आहे. तो चालणाऱ्यांचा, तसाच सायकलवाल्यांचा आणि क्लासला निघालेल्या पोरापोरींचाही. प्रेमराजभाऊ नेहमीप्रमाणे रस्त्याच्या मधोमध उभे होते. एवढ्यात मागून कॉलनीतल्याच मुस्कानची चार्जिंगची गाडी आली. ना फटफट, ना घरघर. भाऊंना कळलं तेव्हा गाडी पुढे गेली होती आणि दूध त्यांच्या पायजम्यावर होतं.

"आमच्या वेळी गाड्या सांगून यायच्या!" भाऊ ओरडले.

"भाऊ, मी बेल वाजवली होती," मुस्कान गाडी थांबवून म्हणाली. "तुम्ही जावयाबद्दल बोलत होता."

सकाळी फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि कांतीलालशेठ त्याचे अध्यक्ष. गल्लीत कापडाचं दुकान, वागण्यात गोडवा, कुणाला वाईट म्हणून बोलायचं नाही हा त्यांचा लौकिक. त्यांनी त्याच संध्याकाळी बैठक घेतली आणि दोन नियम केले. पहिला, गोल रस्त्यावर चार्जिंगच्या गाडीचा वेग ताशी दहाच्या वर जाता कामा नये. दुसरा, गाडीनं आवाज करत यावं. हॉर्न मात्र नको, कारण हॉर्न ऐकला की माणूस दचकून नेमका गाडीपुढेच उडी मारतो. आणि जो नियम मोडेल त्यानं महिनाभर रस्त्याकडेच्या कडुनिंबांना पाणी घालायचं.

"अध्यक्षांनी मोडला तर?" मुस्काननं विचारलं.

"तर अध्यक्ष घालतील," शेठ हसून म्हणाले. सगळे हसले. कांतीलालशेठ आणि वेग, या दोन गोष्टी एका वाक्यात येणंच विनोदी होतं.

पण शेठच्या पुण्यातल्या मुलाला, अनुजला, बापाच्या गुडघ्यांची काळजी. त्यानं परस्पर एक चार्जिंगची सायकल घरी पाठवून दिली. पायडल मारा किंवा नुसती रेस पिळा, गाडी आपली पळते. शेठ दोन दिवस तिच्याभोवती नव्या जावयासारखे फिरले. मग मेकॅनिक झुलालला बोलावून म्हणाले, "हिला आवाज पाहिजे. माणसासारखा, सभ्य."

झुलालनं भाजीच्या हातगाडीवर असतो तसला छोटा भोंगा आणला. "शेठ, हे लाल बटण दाबायचं, बोलायचं, परत दाबायचं. मग मी जोडून देतो. किल्ली फिरवली की सुरू, बंद केली की बंद. तोवर तेच ते म्हणत राहील."

शेठनी घरी ओट्यावर बसून घसा साफ केला. लाल बटण दाबलं आणि आकाशवाणीच्या थाटात म्हणाले, "सावधान! मागून गाडी येत आहे. कृपया डाव्या बाजूने चाला. धन्यवाद." मग त्यांनी बटण परत दाबलं. निदान त्यांना तसं वाटलं. बोट पडलं होतं शेजारच्या बटणावर.

दुसऱ्या दिवशी झुलालनं भोंगा दांड्यावर बसवला, किल्ली फिरवून "सावधान" एवढं ऐकलं, "झकास!" म्हणाला आणि किल्ली बंद करून निघून गेला.

त्यानंतरच्या सकाळी कांतीलालशेठ सायकलवर बसून ऐटीत रस्त्यावर आले. काटा आठवर. भोंगा म्हणाला, "सावधान! मागून गाडी येत आहे." लोक खरंच बाजूला झाले. कुणी हात जोडले. शेठना भरून आलं. "कृपया डाव्या बाजूने चाला. धन्यवाद," भोंगा म्हणाला. आणि मग, जरा थांबून, त्यातून राजकुंवरबाईंचा आवाज आला.

"चहा ठेवलाय. धन्यवाद कुणाला म्हणताय?"

शेठनी चमकून मागे पाहिलं. बायको मागे नव्हती. ती भोंग्यात होती.

"मंडळवाल्यांना," भोंग्यातले शेठ म्हणाले. "ऐकतात थोडेच! तो प्रेमराज चालायला येतो का? रस्त्यात उभा राहून जावयाचं पुराण सांगतो. इतका छळ त्या जावयानंसुद्धा त्याला केला नसेल."

परवा ओट्यावर आपण आणखी काय काय बोललो ते सायकलीवरच्या शेठना भराभर आठवू लागलं. समोर वीस पावलांवर मंडळातल्या पुष्पाबाई चालल्या होत्या, आणि आता पुष्पाबाईंचाच विषय येणार होता.

किल्ली बंद करावी, हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं. शेठच्या डोक्यानं दुसराच हिशेब मांडला. आपण एखाद्याजवळ जितका वेळ राहू तितकं त्याला जास्त ऐकू जाणार. तेव्हा भरकन निघून जावं. त्यांनी रेस पिळली.

हिशेब चुकीचा नव्हता. प्रत्येकाला खरोखर थोडंच ऐकू गेलं. फक्त जे गेलं ते वाईट होतं. पुष्पाबाईंच्या कानावरून गेलं, "पुष्पाबाई… म्हशीला… दोन दिवस खूश होती!" त्या जागच्या जागी थबकल्या. पुढे हास्यक्लबच्या दिपमालाताई हात वर करून उभ्या होत्या. त्यांना मिळालं, "दिपमाला… ट्रॅक्टर…" एवढंच. त्यांचे हात वरच राहिले.

मैदानाला वळसा घालून शेठ पुन्हा प्रेमराजभाऊंपाशी आले, तेव्हा भोंगाही आपला वळसा पूर्ण करून पुन्हा तिथंच आला होता. "…छळ त्या जावयानंसुद्धा…"

"कांतीलाल!" भाऊंनी हाक मारली.

शेठनी आणखी रेस पिळली. आता मागून मुस्कानची गाडी आली. ती क्लासला निघाली होती. "काका! ओ काका!" ती ओरडली. "मी चोवीसवर आहे आणि तुम्ही माझ्या पुढे चाललाय!"

"अगं, तू कशाला चोवीसवर आहेस?"

"तुम्हाला सांगायला!"

वळणावर बायकांनी योगासनांसाठी सतरंजी टाकली होती. शेठना ती दिसली, तिच्यावर आडव्या पडलेल्या चार बायका दिसल्या, आणि त्यांनी हँडल वळवलं. ब्रेक आठवला तोवर सायकल मेंदीच्या कुंपणात शिरली होती.

त्यांना बाहेर ओढलं ते शेजारच्या भिकननानांनी. नाना रोज त्यांच्याबरोबर चालायचे. त्यांनी शेठच्या कानातलं पान काढलं, धोतर नीट केलं आणि विचारलं, "लागनं का कोठे?"

"नाही हो नाना. किल्ली… ती किल्ली तेवढी…"

पण किल्लीपाशी जायला वाट कुठं होती? सगळी कॉलनी कुंपणाभोवती गोळा झाली होती. सायकल आडवी पडलेली, भोंगा आकाशाकडे तोंड करून नम्रपणे सांगत होता, "सावधान! मागून गाडी येत आहे." मुस्काननं किल्लीकडे हात नेला.

"थांब," पुष्पाबाई म्हणाल्या. "मला म्हशीचं पूर्ण ऐकायचंय."

मग सगळ्यांनी पूर्ण ऐकलं. प्रेमराजभाऊंचं झालं. त्यानंतर भोंगा म्हणाला, "पुष्पाबाईंनी एवढ्या प्रेमानं भरीत पाठवलं. आपण वांगं खात नाही, हे त्या माउलीला सांगू कसं? दूधवाल्याला दिलं. त्यानं म्हशीला घातलं. तो म्हणाला, म्हैस दोन दिवस खूश होती!" आणि पुढे, "दिपमाला हसायला लागली की वाटतं, थंडीत कुणी ट्रॅक्टर चालू करतंय. तीन झटके बसतात, मग सुरू होतो." शेवटी राजकुंवरबाई विचारत होत्या, "मग अध्यक्ष कशाला झालात?" आणि शेठ म्हणत होते, "घरी बसलो तर तुझं ऐकावं लागतं."

भोंगा पुन्हा "सावधान!" म्हणाला तेव्हा मुस्काननं किल्ली बंद केली. कांतीलालशेठ मान खाली घालून मेंदीचे काटे उपटत बसले. इतकी वर्षं जपलेला गोडवा एका भोंग्यानं धुऊन नेला, असं त्यांना वाटलं. उद्यापासून दुकानात तरी कोण येईल?

तेवढ्यात एक झटका ऐकू आला. मग दुसरा. तिसऱ्या झटक्याला दिपमालाताईंचं हसू सुरू झालं, आणि ते हुबेहूब ट्रॅक्टरसारखं होतं. त्याबरोबर सगळी कॉलनी हसत सुटली. चार बायका सतरंजीवर पुन्हा आडव्या झाल्या.

"वांगं चालत नाही तं सांगायचं ना भाऊ!" पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी तुरीच्या डाळीचे फुनके धाडले असते. पण म्हशीला आवडलं ना? आमच्या घरात एवढं कौतुक कुणी केलं नाही."

प्रेमराजभाऊ तेवढे गंभीर होते. "जावयाचं मी खरंच फार सांगतो का?" त्यांनी सभोवार विचारलं. "हो!" असा एकमुखी जबाब आला. आयुष्यात पहिल्यांदा भाऊ रस्त्याच्या डाव्या कडेनं निघून गेले.

शेठनी तिथल्या तिथं राजीनामा दिला. मंडळानं तो नाकारला, पण कडुनिंबांचं पाणी कबूल करून घेतलं. चोवीसवर आल्याबद्दल अर्धी झाडं मुस्कानच्या वाट्याला आली. घरी राजकुंवरबाईंनी ओरखड्यांवर हळद लावताना एवढंच विचारलं, "माझं ऐकावं लागतं म्हणून बाहेर जाता ना? मग आज सगळ्यांबरोबर बाहेर माझंच ऐकलंत."

संध्याकाळी चहाला नेहमी येणारे भिकननाना मात्र आले नाहीत. शेठनी निरोप पाठवला, "नाना झोपलेत" असं उत्तर आलं. दुसऱ्या सकाळी नाना एकटेच, उलट्या दिशेनं चालताना दिसले. समोरासमोर आले की आभाळाकडे बघत. पाण्याची बादली हातात घेऊन शेठ विचार करकरून थकले. अखेर संध्याकाळी ते स्वतःच नानांच्या दारात जाऊन बसले.

"नाना, रागावलात का? मी तर तुमच्याबद्दल चकार शब्द काढला नाही!"

"तेच तं!" नाना उसळले. "प्रेमराजबद्दल बोलनात, पुष्पाबद्दल बोलनात, ट्रॅक्टरबी काढं. बठ्ठा लोकसनं नाव लिधं. मी दोनदा ऐकं, मना नावच नही! वीस वरीस झायात तुमनासंगे चालस. मी काय कोणीच नही शे का?"

कुणाला वाईट न बोलण्याच्या सगळ्या कारकिर्दीत असा गुन्हा कांतीलालशेठवर कुणी ठेवला नव्हता. त्यांनी नानांकडे नीट पाहिलं. नानांचे डोळे खरंच ओलावले होते. मग शेठनी घसा साफ केला.

"नाना, खरं सांगू? तुम्ही दीड फेरी मारता, बाकावर झोपता, आणि घरी अक्कावहिनींना पाच फेऱ्या सांगता. आणि घोरता असे, की गाड्यांना वेगळा आवाज लावायची गरजच नाही, माणसं आपोआप बाजूला होतात."

नानांचा चेहरा हळूहळू उजळला. ते आत वळून ओरडले, "अक्का, दोन चहा टाक!" आणि शेठचा हात घट्ट धरून म्हणाले, "आते हाईच सकाळे बठ्ठासमोर बोला. आनि जरा मोठ्यानं!"