मोटर की मॅडम?

निशिगंधाच्या प्रयोगाला एका माणसाची गरज होती. बाकी सगळं साहित्य तिच्याकडे होतं. दोन बास गिटार, एक अॅम्प, डोळ्यांवर बांधायला ओढणी आणि रविवारची आख्खी सकाळ.

प्रश्न साधा होता. एक बास तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला, नवाकोरा. दुसरा रवीमामाचा. मामा नांदेडच्या एका गायन पार्टीत बास वाजवायचा. गेल्या वर्षी तो गेला आणि बास तिच्याकडे आला. रंगाचे पोपडे उडालेले, मामाचा अंगठा टेकायचा तिथलं लाकूड उघडं पडलेलं. येत्या जयंतीला पार्टीने मामाच्या जागी तिला बोलावलं होतं. पण पार्टीचे म्होरके एकनाथराव फोनवर म्हणाले होते, "पोरी, नवा घेऊन ये. जुना लई घोंगावतो."

निशिगंधाला जुन्याचाच आवाज आवडायचा. पण ती पदार्थविज्ञान शिकलेली होती. मामाचा बास खरंच चांगला वाजतो, की मामाचा आहे म्हणून चांगला वाटतो, हे आधी पक्कं करायला हवं होतं. त्यासाठी न बघता ऐकणारं कुणीतरी हवं.

तिने ऑफिसातल्या तन्वीला फोन लावला.

"अगं आज नाही जमणार यार. नेक्स्ट संडे पक्का."

"मागच्या संडेला पण पक्काच होतं."

"हो ना! सो सॉरी. पण काय गं, दोन गिटार आणि मी काय करू?"

"भिंतीकडे तोंड करून बसायचं फक्त."

मग तन्वीने दुसरा कॉल येत असल्याचं सांगितलं.

नोकरीसाठी परराज्यात, कुकटपल्लीच्या या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन निशिगंधाला बरेच महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तिचं दार वाजवलं होतं ते फक्त पार्सलवाल्यांनी, आणि तेही बहुतेक वेळा चुकून. खोली तळमजल्यावर, मोटररूमला लागून. पहिल्या मजल्यावरचे घरमालक किशोरराव पुण्याचे. खोली देतानाच ते म्हणाले होते, "आवाजाची एक तक्रार आली की महिनाअखेरीला खोली रिकामी. मागाहून चर्चा नको." त्यांच्या पत्नी सुलभाताई जिन्यात भेटल्या की हसायच्या, पण हातात कायम मोबाइल असल्यामुळे ते हसू कुणासाठी आहे हे ठरवता यायचं नाही.

शेवटी निशिगंधाने एकटीनेच प्रयोग करायचं ठरवलं. जुना बास अॅम्पला जोडला, आवाज वाढवला, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि पलंगावरचे दोन्ही बास चाचपडत खालीवर केले. पण डोळ्यांना फसवता आलं तरी बोटांना येईना. उघड्या लाकडावर अंगठा पडला की मामा आठवायचा आणि प्रयोग तिथेच बिघडायचा. ओढणी तशीच कपाळावर सरकवून ती बास मांडीवरून बाजूला ठेवून नुसती बसून राहिली. अॅम्प चालूच राहिला.

त्या बिल्डिंगची पाण्याची एक पद्धत होती. खालच्या संपमधलं, म्हणजे जमिनीतल्या हौदातलं, पाणी मोटरीने वरच्या टाकीत चढायचं. चढणारा पाइप निशिगंधाच्या खोलीच्या कोपऱ्यातून वर जायचा आणि मोटर चालू झाली की तिन्ही मजल्यांवर गुणगुणायचा. पाइप गुणगुणला म्हणजे पाणी चढतंय. नाही गुणगुणला, तर कुणीही गॅलरीतून "यादगिरी, मोटर!" अशी हाक मारायची की वॉचमन यादगिरी बटण दाबायचा. वेळापत्रक नव्हतं. कान होते.

खोली लहान असल्यामुळे निशिगंधाचा अॅम्प नेमका त्या पाइपाला टेकलेला होता.

त्या सकाळी पाइप बराच वेळ गुणगुणत होता, त्यामुळे कुणीच हाक मारली नाही. यादगिरीला वाटलं, मोटर साहेबांनी लावली. साहेबांना वाटलं, यादगिरीने लावली. डोक्याला शाम्पू लावून किशोररावांनी शॉवर उघडला, तेव्हा शॉवरने एकदा सुस्कारा सोडला आणि तो गप्प झाला.

"यादगिरीऽऽ! मोटर चालू आहे ना?"

"चालूच है साब! सुनो ना, आवाज आ रई!"

"मग पाणी कुठंय?"

यादगिरी मोटररूममध्ये गेला. मोटर कोरडीच फिरत असणार, जळेल, या भीतीने त्याने लाल बटण दाबलं. गुणगुण चालूच. पुन्हा दाबलं. चालूच. घाबरून त्याने बिल्डिंगचा मेन स्विच खाली ओढला. सगळीकडचे पंखे थांबले आणि गुणगुणही थांबली.

"देखो साब," तो विजयाने ओरडला, "मोटरच थी!"

डोक्याला टॉवेल गुंडाळून किशोरराव खाली आले. "स्टार्टर अडकलाय. मेकॅनिकला बोलाव."

मेकॅनिक आला. त्याने मोटर उघडली आणि तिचे एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडले. वरच्या मजल्यांवरची माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उतरली, जणू बादल्या दिसल्या की मोटरला दया येईल. सुलभाताईंच्या हातांना कणीक लागलेली होती.

"आता लाइट द्या," मेकॅनिक म्हणाला. "तार चेक करतो."

यादगिरीने मेन स्विच वर केला. पाइप गुणगुणू लागला.

सगळ्यांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं. मोटर तिथे सुट्या भागांत पडलेली होती.

यादगिरी दोन पावलं मागे सरकला. "साब, ये तो खुली पडी है. फिर कौन बोल रई?"

"अहो, माझ्या अंगावर काटा आला बघा," सुलभाताई म्हणाल्या.

"काटा काय काटा! पाइपला कान लावा आधी. कुठल्या बाजूने येतोय आवाज?"

असं म्हणत किशोररावांनी स्वतःच पाइपला कान लावला. मग भिंतीला लावला. भिंतीच्या कडेकडेने ते निशिगंधाच्या दारापर्यंत आले आणि त्यांनी दार वाजवलं.

निशिगंधाने दार उघडलं. कपाळावर ओढणी, मागे पलंगावर दोन गिटार. समोर टॉवेल गुंडाळलेले घरमालक, कणकेचे हात, बादल्या आणि वॉचमन. इतकी माणसं तिच्या दाराशी पहिल्यांदाच आली होती. क्षणभर तिला आनंदच झाला.

"लाइट गेली होती का ओ काका?" तिने विचारलं.

"लाइट जाऊ दे. आत काय चालू आहे तुझं?"

"काहीच नाही. मी तर नुसती बसून होते."

हे खरंच होतं. पण मग तिनेही ती गुणगुण ऐकली, अॅम्प कशाला टेकलाय ते पाहिलं, बादल्या पाहिल्या, आणि सगळं गणित तिच्या डोक्यात धडाधड जुळलं. गप्प बसली असती तर त्यांना कळलं नसतं. अॅम्प बंद करायचा आणि दार लावायचं, एवढंच. खोली वाचली असती. पण शोध लागल्यावर तो सांगायचा नाही, हे तिला जमणारं नव्हतं.

"काका, मोटर बरी आहे. आवाज माझा आहे," ती म्हणाली. "हे बघा."

तिने जुन्या बासच्या तारांवर हात ठेवला. गुणगुण मावळली. हात उचलला, पुन्हा आली.

"जुन्यात तारांखाली बारीक तारेची एकेरी गुंडाळी असते ओ. घरातल्या विजेची गुणगुण ती पकडते. नव्यात दोन गुंडाळ्या असतात, एकमेकींचा आवाज मारतात. म्हणून तो गप्प."

"म्हणजे," किशोररावांच्या टॉवेलखालून शाम्पूचा ओघळ आला, "एका गिटारसाठी मी आख्खी मोटर उघडली?"

"हो."

"तरी बरं, स्पष्ट बोलते," सुलभाताई म्हणाल्या. "पण वाजतं तरी कसं हे? दोन दोन कशाला लागतात?"

निशिगंधाने त्यांच्याकडे पाहिलं. ही सगळी माणसं बासबद्दल काहीच न जाणणारी होती. मामाला कुणी पाहिलं नव्हतं. मोटर जुळेपर्यंत कुणाला कुठे जायचंही नव्हतं.

"सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा," ती म्हणाली.

आणि का कोण जाणे, सगळ्यांनी केलं. किशोररावांनीसुद्धा. तिने मामाची एक जुनी चाल आधी नव्यावर वाजवली, मग जुन्यावर. खोलीत इतकी शांतता होती की कणीक वाळल्याचा आवाजही आला असता.

"पहिला स्वच्छ आहे," सुलभाताई भिंतीला म्हणाल्या. "पण दुसरा छान. दुसऱ्याने कसं बरं वाटलं."

"दुसराच," किशोरराव नाइलाजाने म्हणाले.

"मेरेकू भी दुसरा," यादगिरी म्हणाला. "पहिले में क्या है की, जानच नै सरीखी लगी."

बादलीवाल्यांचंही तेच मत पडलं. मामाचा बास खरंच चांगला वाजत होता.

"दुसऱ्यात नेमकं काय आवडलं?" तिने शास्त्र म्हणून विचारलं.

"अगं, पाणी चढतंय असं वाटतं ना," सुलभाताई म्हणाल्या. सगळ्यांच्या माना हलल्या.

निशिगंधाने हताश होऊन डोळे मिटले. रिकाम्या बादल्या घेऊन पाण्याची वाट बघणाऱ्या माणसांचं मत ग्राह्य धरता येत नव्हतं. प्रयोग बाद.

मोटर जुळली, पाणी चढलं, माणसं गेली. जाताना किशोररावांनी बजावलं, "ती गुणगुण बंद करून घे. नाहीतर खोली बघ दुसरी." तिने दुसऱ्याच दिवशी तांब्याची चिकटपट्टी मागवली. बासच्या पोटात आतून लावली की गुणगुण जवळपास जाते. अर्ध्या तासाचं काम होतं. एकनाथरावांचीही तक्रार मिटली असती.

पुढचा रविवार आला. तन्वीने पुन्हा नेक्स्ट संडे पक्का केला. पट्टीचं पाकीट टेबलावर बंदच होतं. आज लावू, असं म्हणत निशिगंधाने बास जोडला आणि अॅम्प पाइपापासून लांब न्यायला उचलला. मग होता तिथेच ठेवला. तारांवरचा हात अलगद काढून घेतला आणि ती वाट बघत बसली.

वरच्या गॅलरीचं दार करकरलं.

"यादगिरी," सुलभाताईंची हाक आली, "मोटर आहे की मॅडम?"

"देखना पडता अम्मा!"

"तू राहू दे. निशिगंधाऽऽ! तू आहेस का गं?"

तिने पाकीट उचललं आणि खणात अगदी मागे सरकवलं.

"हो काकू!" ती खिडकीतून ओरडली. "मीच आहे!"