बाल्कनीतला ऑलिंपस

किल्ला करावा तर पुणेकरानं! पोतं द्या, माती द्या आणि बाजूला व्हा! त्यामुळे आमच्या ईप्सितानं शाळेसाठी ग्रीक देवांचा डोंगर, म्हणजे ऑलिंपस, करायचाय असं सांगितल्यावर मी लगेच बाह्या सरसावल्या. जर्मनीत एश्बॉर्नला आल्यापासून ही पोरगी वर्गात तोंडच उघडत नव्हती. शुक्रवारी तिला पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

"तू फक्त देव कर," मी म्हटलं, "डोंगर माझ्यावर सोड!"

बाल्कनीत पोती रचली, बाउमार्क्ट म्हणजे इथल्या बांधकाम-बागकामाच्या दुकानातून माती आणली, अळीव पेरले. आठवड्यात डोंगर हिरवागार! शिखरावर कापसाचे ढग, त्यात ईप्सितानं प्लॅस्टिसिनचे केलेले देव आणि मधोमध हातात वीज घेतलेला झ्यूस. गुरुवारी बाहेर खरंच धुकं उतरलं आणि मी बघतच राहिलो. माझ्याच हातचा डोंगर, पण अंगावर काटा आला हो!

शुक्रवारी सकाळी उचलायला गेलो तर झ्यूसला हळदकुंकू! पायाशी ट्यूलिप, दूधसाखरेची वाटी आणि समोर हात जोडून आमच्या सासूबाई!

"आई, हे काय?"

"देवांचा राजा ना हा? मग बिनपूजेचा कसा ठेवायचा? प्राणप्रतिष्ठा केली मी."

"अहो, पण तो शाळेत न्यायचाय!"

"उत्तरपूजेशिवाय हलवायचा नाही, सुधीरराव!"

"मग करा की उत्तरपूजा! आत्ताच्या आत्ता!"

आईंनी अक्षता उचलल्या. तेवढ्यात ईप्सितानं विचारलं, "आजी, त्यानं काय होतं?"

"देव आपल्या घरी परत जातात. मग उरते नुसती माती."

"नाइन! नाही!" पोरगी किंचाळलीच. "त्यांचं घर हेच आहे! देव इथे राहतात, हाच तर माझा विषय आहे!"

आईंचा हात हवेतच थांबला. देवांना त्यांच्याच घरातून त्यांच्या घरी कसं पाठवायचं, हे कुठल्याच पोथीत नव्हतं. ईप्सिता रडायला लागली. शेवटी, पोरगी आजारी आहे असं खोटंच सांगावं म्हणून मी तिच्या बाईंना, फ्राउ ब्रांटना, फोन लावला. ईप्सितानं तो हिसकावून घेतला आणि घडाघडा सगळं खरं सांगून टाकलं!

बाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे देव आत्ता घरी आहेत?"

"हो, इथेच!"

"मग आम्हीच येतो."

शाळा समोरच आमची. अर्ध्या तासात अख्खा वर्ग हजर! आईंनी सगळ्यांना जिन्यातच बूट काढायला लावले. बाल्कनीच्या दारात पोरं दाटीवाटीनं उभी राहिली, पण एकाचाही आवाज नाही. उदबत्तीचा धूर ढगांतून वर चढत होता आणि आमची मुकी पोरगी बोलत होती! हातात कागद नाही, अडखळणं नाही. फ्राउ ब्रांटचेसुद्धा हात नकळत जोडले गेले. मला तर देव, डोंगर, बाई काही दिसेना, डोळेच भरून आले.

सगळे गेल्यावर मी छाती फुगवून म्हटलं, "चला आई, करा आता उत्तरपूजा! मला कपडे वाळत घालायचेत."

"अशी कशी करू? दोन मुलींनी गणिताच्या पेपरासाठी नवस बोललाय. निकाल लागेपर्यंत देव हलणार नाहीत." मग माझ्या बादलीकडे बघून म्हणाल्या, "आणि तो पायजमा बाथरूममध्ये वाळत घाला. देवांच्या दारात शोभतं का ते!"